सापडलेला पुआ आणि न सापडलेली सुबिरा

एका जंगलात, मुलांनो, ढग खाली उतरून झाडांवर बसत असत. आणि एकदा बसले की लवकर उठत नसत.

हे जंगल आफ्रिकेच्या पूर्वेला एका उंच डोंगरावर होतं. डोंगराखाली पिवळं गवत आणि धूळ. वर मात्र सगळं ओलं, हिरवं, शेवाळलेलं. समुद्रावरून येणारा वारा या डोंगराला अडायचा, आणि त्याच्याजवळ जेवढं पाणी असेल तेवढं तिथेच सांडून जायचा.

या जंगलात असे काही प्राणी होते, की ते जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. पण त्यांना हे माहीत नव्हतं. आपण दुसरीकडे नाही, हे कळायला आधी दुसरीकडे जावं लागतं. आणि तिथून कोणी कुठे गेलेलं नव्हतं.

त्यातलाच एक होता पुआ. पुआ म्हणजे तिकडच्या भाषेत नाक. नाव अगदी बरोबर ठेवलं होतं. पुआ हा सेंगी जातीचा. सेंगी तुम्ही पाहिला नसेल. उंदरासारखा दिसतो, पण मांजराच्या पिल्लाहून मोठा. पाय हरणासारखे बारीक. आणि नाक म्हणाल तर चांगलं लांब, सोंडेसारखं कुठेही वळणारं. त्या नाकाने तो दिवसभर पालापाचोळा उलथायचा आणि खालचे किडे, गांडुळं, वाळव्या खायचा.

त्याची बायको सुबिरा. तीही तशीच. तिचं नाक थोडं जास्तच लांब होतं, पण पुआने ते कधी बोलून दाखवलं नाही.

दोघांचा संसार फार सुखाचा होता. सेंगी एकदा जोडी जमली की जन्मभर सोडत नाहीत. मात्र दिवसभर एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत. हा रानाच्या या टोकाला, ती त्या टोकाला. संध्याकाळी कधी समोरासमोर आलेच तर एवढंच बोलणं व्हायचं :

"जेवलात का?"

"हो. तू?"

"हो."

झालं. इतका सुखाचा संसार त्या जंगलात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

एक दिवस डोंगरावर काही माणसं आली. चांगली माणसं होती. त्यांनी काही तोडलं नाही, कोणाला मारलं नाही. एका झाडाला एक डबा बांधला आणि निघून गेली. पुआ त्या झाडाखालून चालला होता. डब्यातून 'टिक्' असा आवाज झाला. पुआला वाटलं, किडा असेल. त्याने नाक वर करून पाहिलं. पुन्हा 'टिक्'. किडा काही सापडला नाही, म्हणून तो पुढे गेला. काही दिवसांनी माणसं परत आली, डबा सोडला आणि घेऊन गेली.

मग बरेच दिवस काही झालं नाही.

आता या जंगलात न्यानी नावाचा एक बबून होता. बबून म्हणजे कुत्र्यासारख्या तोंडाचं दांडगं माकड. हा न्यानी मक्याची कणसं चोरायला खाली गावात जायचा. गावात एका घराच्या ओसरीवर रेडिओ लागलेला असायचा. कणसं सोलता सोलता न्यानी तो ऐकायचा. त्यामुळे जगात काय चाललंय ते त्याला सगळ्यांच्या आधी कळे. जंगलात तो विद्वान समजला जाई.

तो एके सकाळी धावतच आला.

"पुआ! अरे पुआ! तू सापडलास!"

पुआ पाचोळ्यात तोंड घालून बसला होता. त्याने मान वर केली. "कोणाला?"

"जगाला! रेडिओवर सांगितलं. या डोंगरावर एक नवा प्राणी सापडला म्हणे. लांब नाकाचा. तूच तो!"

"पण मी हरवलो कधी होतो?"

"ते तू नाही ठरवायचं. ते शास्त्रज्ञ ठरवतात."

"आणि नवा कसा? माझे आजोबा इथेच होते."

"तेही हरवलेलेच होते," न्यानी म्हणाला. "आणखी ऐक. तू दुर्मिळ आहेस. आणि तू हत्तींचा नातेवाईक आहेस."

हे शेवटचं मात्र पुआला ऐकायला बरं वाटलं. त्या संध्याकाळी तो मुद्दाम सुबिराला भेटायला गेला. एरवी असं तो कधी करत नसे.

"अगं, ऐकलंस का? आपण हत्तींच्यातले आहोत."

सुबिराने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पाहायला फार वेळ लागला नाही.

"कोणाच्या बाजूने?" तिने विचारलं.

ते काही पुआला माहीत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं मिळून टेंबोआजीकडे गेली. टेंबोआजी ही त्या डोंगरावरच्या हत्तींच्या कळपाची म्हातारी. तिच्या शब्दाबाहेर कळपातला एकही हत्ती नव्हता. ती एका रानफणसासारख्या फळाचा समाचार घेत होती.

"आजी," सुबिरा म्हणाली, "हे म्हणतात, आपण एका घरातले आहोत."

टेंबोआजी खाली वाकली. तिने आपली सोंड सुबिराच्या नाकाजवळ आणली. दोन्ही नाकं जरा वेळ एकमेकांना हुंगत राहिली.

"असू बाई," आजी म्हणाली. "नाकावरून तरी वाटतं. घरात कोणीतरी लहान राहिलं असेल. खाता का काही?"

वरच्या फांदीवरून एकदम कोणीतरी ओरडलं, "मी पण! मी पण त्यांच्यातलाच!"

तो केलेले होता. केलेले म्हणजे तिकडच्या भाषेत आरडाओरडा. हा सशाएवढा, बिनशेपटीचा, झाडावर राहणारा प्राणी. त्या जातीला हायरॅक्स म्हणतात. हा रोज रात्री झाडावर बसून असा किंचाळायचा, की नव्या माणसाला वाटावं, कोणाचा तरी गळा दाबताहेत.

"मीसुद्धा हत्तींचा भाऊबंद आहे," केलेले म्हणाला. "मी रोज रात्री ओरडून हेच तर सांगत असतो! कोणी ऐकून घेईल तर ना!"

"ऐकू येतं बाबा," टेंबोआजी म्हणाली. "समजत नव्हतं एवढंच."

इथपर्यंत, मुलांनो, सगळं ठीक होतं. पण न्यानी ही बातमी घेऊन महाराजांकडे गेला.

त्या जंगलाचे महाराज चुई नावाचे बिबटे होते. ते महाराज कसे झाले हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. ते एका जाड फांदीवर आडवे पडून राज्य करत.

"महाराज," न्यानी म्हणाला, "आपलं नशीब उघडलं. आपल्याकडे एक दुर्मिळ प्राणी निघालाय."

"म्हणजे खायला?"

"छे छे! खायचं नाही. जपायचं. खालचे कोळसेवाले दरवर्षी थोडे थोडे वर सरकताहेत. झाडं तोडतात, मातीखाली पुरून जाळतात आणि शहरात कोळसा विकतात. पण ज्या जंगलात दुर्मिळ प्राणी असतो, त्या जंगलाला म्हणे जग हात लावू देत नाही. पुआ राहिला तर जंगल राहील."

हे मात्र खरं होतं. कोळशाच्या धुराचा वास आता वाऱ्याबरोबर वरपर्यंत येऊ लागला होता. महाराजांनाही तो आला होता. त्यांनी शेपटी हलवली.

"मग जपा त्याला."

"त्यासाठी एक मंडळ लागेल."

"नेमा."

न्यानीने मंडळ नेमलं. अध्यक्ष न्यानी. सभासद न्यानीचे भाऊ, मेहुणे आणि एक साडू. सगळे बबून. त्यांनी पुआ जिथे सापडला होता, ती जागा ठरवली. तिच्याभोवती काटेरी फांद्या आणि वेली विणून असं दाट कुंपण केलं, की त्यातून पुआचं नाक जाईल, पण पुआ जाणार नाही. त्याच्या रक्षणासाठीच हो! आणि पुआला मानाने आत नेऊन बसवलं.

मग त्याला कोणाकोणाचा त्रास होतो ते शोधायला सुरुवात झाली.

"रानडुकरं जमीन उकरतात," एक मेहुणा म्हणाला. "पुआच्या पायाखालची जमीन आहे ती."

रानडुकरांना डोंगराच्या पलीकडे पाठवलं.

"ती काळीपांढरी लांबकेसी माकडं वरून फळं टाकतात. एखादं डोक्यात पडलं तर?"

माकडंही पलीकडे गेली.

"हत्ती तर तुडवूनच टाकतील."

हत्तींना सांगायला जरा वेळ लागला. कोणी सांगायचं यावर मंडळाच्या तीन बैठका झाल्या. शेवटी महाराजांच्या नावाने दुरूनच ओरडून सांगितलं. टेंबोआजीने मान हलवली. "लेकराच्या भल्यासाठी म्हणता ना? मग जातो," ती म्हणाली आणि कळप घेऊन निघाली. तिच्या मागोमाग तिच्या नात्याचा नवा अभिमान बाळगणारा केलेलेही झाडाझाडावरून गेला.

सगळ्यात शेवटी मंडळाला कुंपणाजवळ सुबिरा दिसली.

"तुम्ही कोण?" न्यानीने विचारलं.

"अहो, मी सुबिरा. रोज पाहता की मला."

"माझं पाहणं वेगळं. मी आता अध्यक्ष आहे. तुमचं इथे काय काम?"

"आत माझा नवरा आहे."

न्यानीने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने साडूकडे पाहिलं.

"असं आहे बाई," न्यानी समजुतीच्या सुरात म्हणाला, "जगाला सापडला तो पुआ. त्याचा फोटो आहे. तुमचा फोटो नाही. म्हणजे तुम्ही अजून सापडलेल्या नाही."

"पण मी तुमच्यासमोर उभी आहे!"

"उभ्या असाल. पण जो प्राणी सापडलेलाच नाही, त्याला आम्ही दुर्मिळाजवळ कसं सोडणार? उद्या तुम्हीच त्याच्या तोंडचे किडे खाल्ले तर?"

सुबिराने खूप सांगून पाहिलं. पण मंडळाने एकमताने तिला पलीकडे घालवून दिलं.

आता पुआची फार बडदास्त सुरू झाली. कुंपणाजवळ मोठ्याने बोलायला बंदी. सकाळी एक बबून येऊन विचारायचा, "सुरक्षित आहात ना?" दुपारी दुसरा यायचा. संध्याकाळी तिसरा. पुआला झोप म्हणून मिळेना.

पण त्याहून मोठी पंचाईत वेगळीच होती. माकडं गेली, तशी वरून अर्धवट खाल्लेली फळं पडेनाशी झाली. फळं कुजत नाहीत, म्हणून किडे येईनात. रानडुकरं गेली, तशी माती घट्ट बसली. पुआ नाक खुपसायचा, पण नाकच दुखायचं. हत्तींची लीद नाही, म्हणून शेणकिडेही नाहीत. पुआ वाळत चालला.

"जरा बारीक दिसतोय," साडू म्हणाला.

"दुर्मिळ प्राणी बारीकच असतात," न्यानी म्हणाला.

सुबिराला पलीकडे काही चैन पडेना. तिथे किडे होते, गांडुळं होती, माती भुसभुशीत होती. पण संध्याकाळी "जेवलात का" असं विचारायला कोणी नव्हतं. शेवटी ती डोंगराचा माथा ओलांडून, पहाऱ्यावरच्या बबूनला डुलकी लागलेली पाहून कुंपणाशी आली. तोंडात एक लठ्ठ गांडूळ होतं.

"अहो," तिने हळूच हाक मारली.

कुंपणातून एक नाक बाहेर आलं. सुकलेलं, पण ओळखीचं.

"जेवलात का?"

पुआने गांडूळ घेतलं. मग म्हणाला, "तू?"

"हो."

एवढ्यावर ते पूर्वी आपापल्या वाटेने गेले असते. पण त्या दिवशी कोणी हललं नाही. सुबिरा रोज येऊ लागली. पुआ आतून बोलायचा, ती बाहेरून बोलायची. लग्न झाल्यापासून जेवढं बोलले नव्हते, तेवढं दोघं त्या काट्यांमधून बोलले. पुआने तिला तिच्या नाकाबद्दलही सांगून टाकलं. सुबिरा म्हणाली, "मला माहीत होतं हो."

इकडे कुंपणाशेजारी मंडळाची बैठक भरली. विषय मोठा गंभीर होता. पुआची संख्या वाढत नव्हती.

"एवढं संरक्षण दिलं, तरी एकाचा एकच," न्यानी कपाळाला हात लावून म्हणाला. "कुठे चुकतंय?"

सुबिरा तेव्हा नेमकी कुंपणाशीच होती. तिला राहवलं नाही.

"मला आत सोडा. वाढेल संख्या."

सगळे बबून तिच्याकडे वळले.

"बाई, इथे शास्त्रीय चर्चा चालली आहे," न्यानी म्हणाला. "बाहेरच्यांनी मधे बोलू नये."

आणि त्यांनी कुंपण आणखी एक पदर जाड केलं. आता नाकही बाहेर येईना.

त्याच सुमाराला कोळसेवाल्यांना एक गोष्ट लक्षात आली. डोंगराच्या या अंगाला पूर्वी जिथे तिथे हत्तींची लीद दिसायची. मोडलेल्या फांद्या दिसायच्या. त्यामुळे वर जायला त्यांचे पाय धजत नसत. आता लीद नाही. फांद्या जागच्या जागी. माकडांचा आवाज नाही. सगळं शांत.

"जनावरं गेलेली दिसतात," त्यांच्यातला एकजण म्हणाला. "चला वर."

ती काही दुष्ट माणसं नव्हती. त्यांच्याही घरी चुली होत्या. पण कुऱ्हाडी घेऊन ती वर आली, आणि आली ती थेट पुआच्या कुंपणापाशी. कारण तिथली झाडं सगळ्यात जुनी आणि जाड होती. आणि भोवती आयतं वाळलेलं काटेरी सरपण रचून ठेवलेलं होतं. जाळायला त्याहून सोयीचं काय असणार?

पहिली कुऱ्हाड पडली आणि मंडळाने तातडीची बैठक बोलावली. ती झाडाच्या शेंड्यावर झाली. दुसरी कुऱ्हाड पडली आणि बैठक डोंगराच्या माथ्यावर हलवण्यात आली. महाराज चुई जागे झाले, पाहणी करायला म्हणून उठले, आणि ते नेमके माथ्यापलीकडचीच पाहणी करू लागले.

आत पुआ एकटा उरला. तो कुंपणाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे धावत सुटला. कुठेच वाट नव्हती. फार उत्तम कुंपण होतं ते.

सुबिराने हे लांबून पाहिलं. ती वळली आणि धावत सुटली. सेंगी फार जोरात धावतात, पण सुबिरा तशी त्याआधी कधी धावली नव्हती. ती टेंबोआजीच्या पायाशी येऊन थडकली.

"आजी! ते आत अडकलेत! माणसं झाडं पाडताहेत!"

"पण आम्ही तिकडे यायचं नाही म्हणाले ना?" टेंबोआजी म्हणाली. "त्याच्या भल्यासाठी म्हणून."

"आजी," सुबिराला धाप लागली होती, "तुम्ही मला घरातली म्हणालात. घरातलं कोणी संकटात सापडलं तर परवानगी कोणाची काढायची?"

टेंबोआजीने तोंडातला पाला खाली टाकला. आणि ती चालू लागली. तिच्या मागे कळप. कळपाच्या मागे रानडुकरं, कारण त्यांना पलीकडची माती तशीही आवडली नव्हती. वरून माकडं. आणि सगळ्यांच्या पुढे, झाडावरून, केलेले.

केलेलेला दिवसा ओरडायची सवय नव्हती. पण त्या दिवशी तो ओरडला. कोळसेवाले खालच्या कोरड्या मुलखातले. त्यांनी असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. त्यांचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं, काही दिसेना. मग त्यांनी समोर पाहिलं. समोर टेंबोआजी होती.

कोणाला काही झालं नाही, मुलांनो. आजीने फक्त कान पसरले आणि दोन पावलं टाकली. कुऱ्हाडी तिथेच राहिल्या. कोळसेवाले मात्र राहिले नाहीत.

मग आजीने कुंपणावर पाय ठेवला. मंडळाला जे विणायला कितीतरी दिवस लागले होते, ते मोडायला एक पाऊल पुरलं.

पुआ बाहेर आला. हाडं मोजता यावीत असा. सुबिरा त्याच्यासमोर उभी राहिली. तिने पाचोळ्यात नाक खुपसून एक किडा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

काही दिवसांनी रानडुकरांनी माती भुसभुशीत केली. माकडांनी फळांचा कचरा केला. हत्तींनी करायचं ते केलं. जंगलात पुन्हा चांगली घाण झाली, आणि सगळ्यांना बरं वाटू लागलं. पुढे पालापाचोळ्याच्या एका घरट्यातून एक अगदी छोटं नाक बाहेर डोकावलं. मंडळाला न विचारता.

न्यानी परत आला तेव्हा गळ्यात फुलांची माळ होती. ती त्याची त्यानेच घातली होती.

"महाराज," तो म्हणाला, "मंडळाच्या परिश्रमांना यश आलं. कोळसेवाले गेले आणि पुआची संख्याही वाढली!"

महाराज चुई पुन्हा आपल्या फांदीवर आडवे झाले होते. पण या वेळी त्यांना जरा लाज वाटत होती. त्यांनी सुबिराला बोलावून घेतलं.

"बाई, तुम्हाला काय हवं ते मागा. राज्य तुमच्यासाठी काय करू शकतं?"

सुबिराने क्षणभर विचार केला.

"महाराज, एकच मागणं आहे. आमच्यासाठी काही करू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. सगळ्यांना आपापल्या जागी राहू द्या. बस्स."

महाराज विचारात पडले. त्यांनी आजवर पुष्कळ गोष्टी केल्या होत्या, पण काहीही न करण्याचा हुकूम कधी काढला नव्हता. त्यांनी न्यानीकडे पाहिलं.

"काहीच करायचं नाही, हे करायचं कसं रे?"

न्यानी विद्वान होता. त्याने गळ्यातली माळ नीट केली.

"सोपं आहे महाराज. त्यासाठी एक मंडळ नेमावं लागेल."

महाराजांनी नेमलं. अध्यक्ष न्यानी. सभासद न्यानीचे भाऊ, मेहुणे आणि तोच साडू. ते रोज एका उंच खडकावर जमतात, उंबर खातात, ढगांकडे पाहतात आणि संध्याकाळी उठून जातात. इतकं उत्तम काम करणारं मंडळ त्या डोंगरावर पूर्वी कधी झालं नव्हतं. जंगल तर इतकं दाट झालंय, की परवा न्यानीला घरची वाट सापडेना. ती त्याला सुबिराने दाखवली.

तात्पर्य : प्रत्येक जंगलात एक तरी संरक्षण मंडळ असावे. ते स्वस्थ बसले आहे ना, यावर सर्वांनी बारीक लक्ष ठेवावे. आणि ते काही काम करताना आढळल्यास ताबडतोब हत्तींना कळवावे.